बेकरीवाल्याच्या बायकोने पाव सोडला

कामावर तिला सगळे घार म्हणत. नाव कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नव्हतं, पण ते चिकटलं ते अगदी योग्य माणसाला. उंच इमारतीच्या बांधकामावर जी टॉवर क्रेन उभी असते, तिच्या माथ्याजवळच्या काचेच्या केबिनमध्ये ती दिवसभर बसायची. खाली कुणी हेल्मेट काढून डोकं खाजवलं तरी तिला वरून दिसायचं आणि वॉकीटॉकीवर तिचा आवाज यायचा, "टोपी घाला, डोकं घरी जाऊन खाजवा." माणसं निमूट टोपी घालायची.

तरुणपणी ती अशाच एका बांधकामावर विटा वाहायला लागली होती. डोक्यावर विटा आणि मान वर करून क्रेन बघायची हौस, त्यामुळे मुकादमाची बोलणी रोजची. पुढे खाली उभं राहून क्रेनवाल्याला इशारे देण्याचं काम मिळालं, मग तिने परीक्षा दिली आणि परवाना काढला. पहिल्यांदा शिडी चढली तेव्हा बाई अर्ध्यातून रडत उतरणार, अशी खाली दोघातिघांनी पैज लावली होती. ती उतरली ती थेट संध्याकाळी, काम सुटल्यावर, आणि शिट्टी वाजवत. पैज लावणारे तोंडघशी पडले.

हात तिचा असा हलका, की टनभर लोखंड जमिनीला टेकताना धूळ उडत नसे. काचेची तावदानं चढवायची असली की इंजिनियर मुद्दाम विचारायचे, "आज वर घारच आहे ना?" आपल्या कामाबद्दल तिला उगाच लाजायची सवय नव्हती. येतं ते येतं, असं तिचं म्हणणं.

अडचण होती ती खाण्याची. केबिनमध्ये एकदा बसलं की जेवायला खाली येणं परवडत नाही, शिडी उतरण्या-चढण्यातच सुट्टी संपते. म्हणून घारीचं सगळं खाणं वरच. त्यात तिचा नवरा बेकरीवाला. घराच्या खालीच त्याची भट्टी आणि दुकान. पहाटे भट्टी पेटली की जिन्यातून वर वास चढायचा आणि घड्याळाच्या गजराआधी तिला तो वासच उठवायचा. कामाला निघताना नवरा पिशवीत गरम पाव भरून द्यायचा, सोबत मुरंबा, बिस्किटं आणि थर्मासभर गोड चहा. वर बसून हातांना काम असलं तरी तोंड रिकामंच असतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती चरत राहायची. पिशवी रोज रिकामी होऊन परत यायची, आणि ती उलटी करून झटकताना बेकरीवाल्याच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसायचं ते गल्ल्यावर बसतानाही दिसत नसे.

वर्षं गेली तशी घार भरली. केबिनची खुर्ची तंग व्हायला लागली. शिडीला मध्ये मध्ये दम खायला लोखंडी फळ्या असतात. आधी ती एकाही फळीवर थांबत नसे, मग एकीवर थांबू लागली, आणि शेवटी एकही फळी न थांबता सुटेना. खालून सिग्नलवाला सगळं बघायचा. इशारे द्यायचं काम त्याचं, आणि आवाज असा की वॉकीटॉकी बंद असला तरी वर ऐकू जाईल, म्हणून त्याला भोंगा म्हणत. एके सकाळी तो म्हणाला, "ताई, आज तुम्ही पोचेपर्यंत माझी एक डुलकी झाली."

"मग आता जागा हो आणि हूक बघ," घार म्हणाली. पण तिला ते लागलं.

त्या वर्षीच्या वैद्यकीय तपासणीत गाडी अडली. रक्तदाब वाढलेला, आणि रक्तातली साखर तर कुठच्या कुठे. तपासणारी डॉक्टरीणबाई तिच्याच वयाची, बोलायला तुटक पण मनाने सरळ. म्हणाल्या, "तुम्ही एकट्या असता वर. तिथे चक्कर आली तर खालच्या माणसांचं काय? मी तात्पुरता दाखला देते. पुढच्या तपासणीपर्यंत साखर खाली आली नाही, तर मी तुम्हाला वर पाठवणार नाही."

"खाली काय करू मी?"

"ते मला विचारू नका. खाता काय ते सांगा."

घारीने सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी समजावलं, की पाव, भात, बटाटा, बिस्किट, साखर, सगळ्यांची पोटात जाऊन साखरच होते आणि तिच्या शरीराला आता ती झेपत नाही. काही लोक हे पदार्थ फार कमी करतात आणि अंडी, मासे, चिकन, भाज्या, दही, दाणे यांवर राहतात. काहींना ते चांगलं मानवतं, काहींना नाही. "बघा थोडं कमी करून. पण मी गोळ्या लिहून देतेय, तेव्हा एकदम मोठा बदल करायचा असेल तर आधी मला सांगायचं. आणि खिशात साखरेचे खडे ठेवायचे, हात थरथरला तर."

बाहेर पडताना घारीने मनाशी ठरवून टाकलं होतं. थोडं कमी करणं तिच्याच्याने होणार नाही, हे तिला स्वतःबद्दल पक्कं माहीत होतं. एक तुकडा खाऊन हात आवरणारी माणसं वेगळी. तिच्या हातात पावाचा तुकडा आला की त्याच्या मागोमाग सगळं गणगोत येणार. त्यापेक्षा दारच बंद केलेलं बरं. आणि गोळ्या चालू असताना आधी सांगायची गोष्ट? ती तिने या कानाने ऐकली आणि त्या कानाने सोडली.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो पीठ चाळत होता.

"पाव सोडायचा? म्हणजे अजिबात?"

"अजिबात. भात, बटाटा, साखर, सगळंच. पांढरं बंद."

तो चाळत राहिला. मग चाळणी ठेवून म्हणाला, "म्हणजे माझ्या पावाने तुला आजारी पाडलं."

"अहो, पावाने नाही, माझ्या तोंडाने."

"तोंडात मीच भरत होतो ना?"

त्याने चाळणी पुन्हा उचलली आणि त्या दिवशी तो तिच्याशी मोजकंच बोलला. रागावला असता तर भांडून मोकळं होता आलं असतं. तो रुसला होता, आणि रुसव्यावर औषध नसतं.

पहिला आठवडा वाईट गेला. डोकं ठणकायचं, पोटऱ्यांत गोळे यायचे, आणि स्वभाव असा झाला की भोंग्याने "डावीकडे" म्हटलं तरी तिला शिवी ऐकू यायची. "डावीकडे म्हणजे किती डावीकडे? शेजारच्या देशात नेऊन ठेवू का?" भोंगा खाली लोकांना सांगत फिरला, की घारीला भूक लागलीय, उघड्यावर उभे राहू नका. सगळ्यांत मोठी शिक्षा म्हणजे पहाटेचा तो वास. खिडक्या लावल्या तरी तो फटीतून यायचा, उशीखाली तोंड घातलं तरी यायचा. शेवटी ती भट्टी पेटायच्या वेळेलाच घरातून निघायला लागली आणि बांधकामाच्या फाटकावर वॉचमनच्या आधी हजर राहू लागली.

पण मग वळण आलं. एक दिवस दुपार उलटून गेली तरी आपल्याला भूक लागलेली नाही, हे तिच्या ध्यानात आलं. डब्यातली उकडलेली अंडी आणि काकडी तशीच पडून होती. एरवी जेवणानंतर डोळ्यांवर जी झापड यायची ती येईनाशी झाली. पट्टा एक भोक आत गेला, मग दुसरं. सकाळी शिडी चढताना तिने मधली एक फळी गाळली आणि खाली बघून भोंग्याला ओरडून विचारलं, "झाली का डुलकी?" बोटाला सुई टोचून घरी साखर मोजायची तर आकडा रोज थोडा खाली. घारीला वाटलं, जिंकलो आपण. हुरूप असा चढला की तिने दुपारचं जेवणही गाळायला सुरुवात केली. गोळ्या मात्र सांगितल्या होत्या तेवढ्याच घेत होती, कारण औषधात हयगय करू नये एवढं तिला कळत होतं.

नेमकं तिथेच चुकलं.

त्या दिवशी तावदानं चढवायचं काम होतं. माणसापेक्षा उंच काच हुकाला टांगलेली, वारा बेताचा, खाली भोंगा हात वर करून उभा. काच अर्ध्या वाटेवर आली आणि घारीच्या कपाळावर दरदरून घाम फुटला. आधी तिला वाटलं, ऊन आहे. मग ओठांना मुंग्या आल्या. मग तिने आपल्या हाताकडे पाहिलं. ज्या हाताचं सगळीकडे नाव होतं तो हात दांड्यावर थरथरत होता.

ती घाबरली नाही असं नाही. पण इतक्या वर्षांत एक गोष्ट तिच्या अंगात मुरली होती, की आधी माल, मग आपण.

"भोंग्या," ती वॉकीटॉकीवर म्हणाली, "खालची सगळी माणसं बाजूला कर. काच खाली घेतेय. मला बरं वाटत नाहीये."

भोंग्याने एकही प्रश्न विचारला नाही. त्याचा आवाज सगळ्या जागेवर घुमला आणि माणसं पांगली. मग तो इतक्या हळू आवाजात बोलू लागला की तोच बोलतोय हे खरं वाटेना. "या ताई. अजून थोडं. येऊ द्या. आता पायाच्या उंचीवर आहे. येऊ द्या. टेकली." काच मऊ गाद्यांवर आडवी झाली. घारीने क्रेन बंद केली, खिशातले साखरेचे खडे काढले आणि एकामागून एक तोंडात टाकले. इतके दिवस जिच्याशी वैर धरलं होतं तिलाच चघळत ती खुर्चीत डोळे मिटून बसली. हात शांत व्हायला वेळ लागला. ती स्वतःच्या पायांनी शिडी उतरली, पण तिच्या खाली भोंगा एकेक पायरी उतरत होता, ती घसरलीच तर धरायला. तो केव्हा वर आला होता ते तिला कळलंही नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मग तिला फैलावर घेतलं.

"गोळी तीच आणि जेवण गायब? ती गोळी साखर खाली ढकलते. तुम्ही पोटात साखर जाऊच दिली नाहीत, मग ती ढकलणार काय? तुम्हालाच ढकललं तिने. मी काय सांगितलं होतं?"

"आधी तुम्हाला सांगायचं."

"मग?"

"चुकले," घार म्हणाली. तिने सबब सांगितली नाही.

डॉक्टरीणबाई जरा निवळल्या. त्यांनी घरी मोजलेले आकडे पाहिले, वजन पाहिलं, आणि म्हणाल्या, की मार्ग तुम्हाला मानवतोय, रीत चुकली. एक गोळी बंद केली, दुसरी बदलली, दुपारचं जेवण गाळायचं नाही असं बजावलं. "आणि मी सांगेपर्यंत वर जायचं नाही."

म्हणून घार जमिनीवर आली. घरी नुसतं बसणं तिच्या रक्तात नव्हतं, तेव्हा ती सकाळी दुकानात उभी राहू लागली. बेकरीवाला आत भट्टीशी, ही बाहेर गल्ल्याशी. रुसवा अजून होताच, पण दोघांच्या मध्ये गरम पावांचे ट्रे जात-येत असल्यावर माणूस किती रुसणार? "हा ट्रे घे," "तो जरा जळलाय," एवढं तरी बोलावंच लागतं. घारीला आश्चर्य वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. पावांच्या ढिगाशेजारी दिवसभर उभी राहूनही हात वळत नव्हता. वास अजून छान वाटायचा, पण आता तो दुसऱ्याच्या घरच्या रेडिओसारखा होता, ऐकावा आणि आपलं काम करावं.

बोलणारं कुणीतरी बोलणारच होतं. कोपऱ्यावरची शिवणकामवाली बाई, गल्लीचं चालतं-बोलतं वर्तमानपत्र, एका सकाळी दुकान भरलेलं असताना म्हणाली, "काय हो, तुम्ही म्हणे पाव सोडलात? बेकरीवाल्याची बायकोच पाव खात नाही म्हणजे पावातच काहीतरी असणार!"

दुकानात हशा पिकला, पण अर्धाच. दोनतीन गिऱ्हाइकांनी हातातल्या पावाकडे पाहिलं. आत भट्टीशी पाव काढायचं फावडं वाजायचं थांबलं. त्या क्षणी घारीला नवऱ्याचा रुसवा पहिल्यांदा पुरता कळला. हेच त्याच्या मनात होतं. ती त्याचं खात नाही हे एक दुःख, आणि लोक काय म्हणतील ही भीती दुसरी, आणि ती बोलून दाखवायची त्याची हिंमत नव्हती.

"असणारच," घार मोठ्याने म्हणाली. वॉकीटॉकीवर बोलतात तशी. "पावात काहीतरी आहे म्हणूनच सोडला. वाईट असता तर एक खाऊन बाजूला ठेवला असता. हा पाव असा, की मी एक म्हणून उचलायची आणि टोपली संपवायची. माझं हे वजन काय हवा खाऊन झालंय? डॉक्टरांनी विचारलं, पाव सोडवत का नाही? मी म्हटलं, तुम्ही एकदा आमच्या ह्यांच्या हातचा खाऊन दाखवा आणि मग दुसरा न उचलता उठून दाखवा. माझं शरीर आता साखर पेलत नाही, त्याला पाव काय करणार? तुमचं पेलतंय ना? मग घ्या, गरम आहे तोवर."

या वेळी हशा पुरता झाला. शिवणकामवाल्या बाईने नेहमीपेक्षा जास्तच पाव नेले. दुकान रिकामं झाल्यावर आतून बेकरीवाला बाहेर आला. भुवयांना पीठ लागलेलं.

"डॉक्टरीणबाईंना असं कधी म्हणालीस तू?"

"नाही."

"मग?"

"आता म्हणेन."

तो हसला. किती दिवसांनी हसला ते त्याचं त्यालाच जाणवलं असावं, कारण तो लगेच तोंड फिरवून ट्रे पुसायला लागला. पाठमोराच म्हणाला, "ते मासे तू नुसते उकडून खातेस. पडेल चेहऱ्याने. बघवत नाही मला."

दुसऱ्या दिवशी पाव काढून झाल्यावर त्याने भट्टी विझू दिली, पण झाकण लावून ठेवली. उरलेल्या उबेत त्याने एका ट्रेमध्ये मासा, कांदा, भोपळी मिरची आणि वर लिंबाच्या चकत्या ठेवल्या. त्याआधी त्याचा एक प्रयोग फसला होता. बदामाचं कूट आणि अंडी घालून त्याने तिच्यासाठी पाव केला होता, तो असा निघाला की भिंतीत वीट म्हणून लावता आला असता. "माझा धंदा करू नका," घार म्हणाली होती, "विटा मी पुष्कळ वाहिल्यात." पण मासा मात्र जमला. मंद आचेवर शिजून तो असा मऊ झाला होता, की काट्याला नुसता धक्का दिला तरी पदर सुटत होते. घार जेवत होती आणि तो समोर बसून बघत होता. नंतर ट्रेच्या तळाशी उरलेल्या रसात त्याने स्वतःचा पाव बुडवला आणि एकटाच खाल्ला, चवीने, कुणाचीही माफी न मागता. तिला ते आवडलं.

पुढे ती रीतच पडली. पाव निघाले की भट्टीत घारीचं जेवण. कधी चिकन, कधी फ्लॉवर आणि चीज, कधी लोण्यात परतलेली मशरूम. तिचा डबा उघडला की वास केबिनमधून खाली जात नसला, तरी भोंगा वॉकीटॉकीवर विचारायचा, "ताई, आज काय?" आणि ती त्याला पदार्थ सांगून जळवायची.

कारण ती पुन्हा वर गेली होती. तपासणीत डॉक्टरीणबाईंनी आकडे दोनदा पाहिले. साखर आवरलेली, रक्तदाब उतरलेला. त्यांनी दाखल्यावर सही केली आणि विचारलं, "जेवण गाळता का?"

"नाही."

"गोळ्या बदलायच्या आधी कुणाला विचारता?"

"तुम्हाला."

"जा वर."

घार गेली. शिडीवरच्या फळ्यांना तिने नुसता हात लावला. केबिनमध्ये बसून आधी रिकामा हूक वर-खाली करून पाहिला, मग राहिलेली तावदानं मागवली. दिवस मावळायच्या आत एक अख्खी बाजू काचेने भरली आणि खालून इंजिनियरने दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. तिचे वडील गेले तेव्हा ती आईकडे राहायला गेली होती. तिथे लोक सांत्वनाला येताना खायला घेऊन येत, आणि घार समोर येईल ते खात होती, पाव, केक, गोड चहा, चव न कळता. परत आली तेव्हा साखर चढलेली आणि गुडघे कुरकुरणारे. बेकरीवाल्याने एका शब्दाने विचारलं नाही. तिने स्वतःच डॉक्टरीणबाईंना फोन केला, खरं ते सांगितलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दुसऱ्या खेपेला डोकं कमी दुखलं. एकदा उतरलेली शिडी पुन्हा चढता येते, आणि ही तर तिच्या पोटापाण्याची विद्या होती.

गल्लीतली आणि कामावरची माणसं तिला विचारायला येऊ लागली. कुणाला पोट कमी करायचं, कुणाला लग्नात जुना कोट घालायचा. घार सगळ्यांना सांगे, "मला मानवलं. तुम्हाला मानवेल की नाही ते मला वरून दिसत नाही. गोळ्या घेत असाल तर आधी डॉक्टर, मग ताट. मी उलटं केलं होतं आणि एक काच हवेत लटकत होती." शिवणकामवाल्या बाईला हे पटलं नाही. तिला काहीतरी जादूची पूड हवी होती. पण भोंग्याने चहातली साखर सोडली, आणि आपण फार मोठा त्याग केल्यासारखा तो सगळ्यांना ते सांगत फिरला.

आता ती इमारत पूर्ण झाली आहे, लोक राहायलाही आले आहेत. घार नदीपलीकडच्या नव्या जागेवर आहे, तिथली क्रेन आधीच्यापेक्षा उंच. तिथल्या लोकांनीही तिला घारच म्हणायला सुरुवात केली, कारण भोंगाही तिथेच लागला आणि नाव त्यानेच पोचवलं.

परवा सुट्टीच्या दिवशी बेकरीवाल्याने दुपारी दुकान बंद केलं आणि दोघं गावाबाहेरच्या टेकडीवर गेली. ती पुढे, तो मागे. मध्येच तो एका दगडावर बसला आणि म्हणाला, "तू चालू लाग. मी येतो."

"मला घाई नाही," ती म्हणाली आणि शेजारी बसली. त्याने पिशवीतून आपला पाव काढला, तिने आपली अंडी आणि टोमॅटो. वारा होता, खाली पसरलेला कागद उडू नये म्हणून दोघांनी त्यावर एकेक पाय ठेवला. जेवता जेवता ती त्याला खालचं गाव दाखवत होती. कुठली इमारत तिने उभी केली, कुठल्या गच्चीवरची टाकी तिने चढवली, कुठल्या मनोऱ्याचं घड्याळ बसवताना वाऱ्याने दोनदा परत फिरवलं. त्याला यातलं निम्मं माहीत नव्हतं.

"एवढं सगळं तू उचललंस?" तो म्हणाला.

"मग?" घार म्हणाली. "अजून पुष्कळ उचलायचंय. चला, उठा."